ज्यांचा दिवस, त्यांची खूण

दोन वर्षं मी सकाळी दहा ते साडेअकरा या वेळात मेलेल्या माणसांच्या घरी फोन करत असे. असं लिहिताना संकोच वाटतो, पण त्या कामाचं दुसरं खरं वर्णन मला सुचत नाही. एक छोटी संस्था चालवणाऱ्या ताई परवा मला म्हणाल्या, "देणगीसाठी फोन उचलला की माझा हात जड होतो. तू कसं करायचीस ते लिही ना." मी यातली जाणकार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक मात्र मला नीट आठवते. तीच सांगते.

वेलचेरीत, रेल्वेच्या उंच पुलामागच्या गल्लीत, ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. भाड्याच्या घराचा तळमजला, तीन खोल्या, एक हॉल आणि मागे स्वयंपाकघर. हॉलच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ अजून दिसते, माझ्या छातीइतकी उंच. दोनदा रंग दिला तरी ती परत वर आली. त्या रेघेच्या वर वर्षभराचं एक मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि शाळेची सगळी चिंता त्या कॅलेंडरमध्ये होती.

चेन्नईत पुष्कळ घरांत रीत आहे. आईवडिलांच्या तिथीला कुठल्यातरी शाळेत किंवा आश्रमात एक वेळचं जेवण द्यायचं. आमच्या शाळेचं दुपारचं जेवण अशा दिवसांवर चालायचं. ज्यांचा दिवस असेल त्यांचं नाव चौकोनात लिहायचं. पूर्वी रिकाम्या चौकोनांचा भार एक कंपनी उचलत असे. तिने मदत थांबवली. जूनपर्यंत नव्या वर्षाचे चौकोन भरले नाहीत तर शाळा अर्ध्या दिवसाची होणार, असं ठरलं. ऐकायला ही मोठी गोष्ट वाटत नाही. पण त्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी कोणालाच खुणांची भाषा येत नव्हती. बारा वाजता घरी जायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाशी बोलायचं नाही.

शाळा चालवणाऱ्या बाईंना मी अक्का म्हणायचे. त्या तंजावरकडच्या मराठी, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी मला जुन्या पत्रातून कोणी बोलतंय तशी वाटायची. मी तांबरमच्या कॉलेजात दुपारच्या पाळीला. समाजसेवेचे तास भरायचे म्हणून आले आणि राहिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील सोलापूरकडून येऊन इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात लागले. मी फोनवर काय काम करते हे कळलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"फी भरून हेच शिकायला घातलंय व्हय तुला? लोकांपुढं हात पसरायला?"

दुसऱ्या दिवशी फोन हातात धरून मी नुसतीच बसून होते.

"कां गे, तो आपण होऊन बोलेल म्हणून वाट बघतेस?" अक्का म्हणाल्या.

मी वडिलांचं बोलणं सांगितलं. अक्का हसल्या नाहीत.

"सरि. मग ऐक. तूं मागूं नको. त्या घरांत कुणी गेलेलें आहे. त्याच्यासाठीं कांहीं करावें असें त्यांच्या मनांत असतें, जागा नसते. तूं जागा दाखव. पैशाचें शेवटीं, तेंही त्यांनीं विचारलें तर. आधीं विचार, कोण बोलतां. मग विचार, त्यांना खायला काय आवडायचें. आणि आमचीं पोरें बिचारीं आहेत असें एकदांही म्हणूं नको. बिचारीं नाहींत तीं."

यातलं "आधी विचार, कोण बोलतां" हे मी पाळलं नाही. भीती वाटायची. समोरून आवाज आला की मी एका दमात सांगून टाकायचे, "नमस्कार, शाळेतून बोलतेय, पुढच्या आठवड्यात तुमच्या घरचा दिवस आहे." समोरचे म्हणायचे, "हो हो, नेहमीसारखं करा." मी सुटकेचा श्वास टाकून फोन ठेवायचे.

शाळेतला जेवणाचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. हॉलमध्ये एका खुर्चीवर त्या दिवसाच्या माणसाचा फोटो ठेवत, त्याला मोगऱ्याची माळ घालत. फळ्यावर नाव, खाली तमिळमध्ये "यांच्या स्मरणार्थ". मुलं ताटं घेऊन येत आणि आधी फोटो निरखत. मग त्यांच्यात हातांची गडबड उडे. कोणी कपाळ दाखवी, कोणी मिशी, कोणी मान तिरकी करी. नावाचा उच्चार त्यांच्या कामाचा नव्हता. ती फोटोतल्या माणसाला खूण देत. एकदा ठरली की ती खूण पक्की. पुढच्या वर्षी तोच फोटो आला की चाळीस हात तीच खूण करत. खूण ठरल्यावर सगळी उभी राहत आणि मिनिटभर हात तसाच धरत. ताटांचा आवाजही थांबायचा. पंखा फिरत असायचा, समोर माळ घातलेला अनोळखी चेहरा, आणि इतकी मुलं त्याला बिनआवाजाने हाक मारत उभी. मला वाटायचं, खुर्ची एकदा करकरेल.

स्वयंपाकाच्या बाई पहिला भात मागच्या कट्ट्यावर ठेवायच्या. "काक्का आला की कळतं, त्यांना पोचलं," त्या म्हणायच्या. कावळे रोज यायचे. चेन्नईत कावळ्यांना तोटा नाही.

डिसेंबरात, तमिळ मार्गळी महिना लागताच, अक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिन्याने दुसऱ्याचं. काळा चष्मा लावून त्या शाळेत यायच्या, पण वाचता येत नव्हतं. त्यामुळे वहीतले दिवस पंचांगात शोधून कॅलेंडरवर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. वहीत काही नावांपुढे तारीख होती, काहींपुढे महिना आणि तिथी, काहींपुढे महिना आणि नक्षत्र. तारीख असेल ते वाढदिवस. त्या दिवशी फोटो नसतो, माळ नसते, मुलं दोन्ही हात वर करून हलवतात. बाकीचे सगळे मी स्मरणाचे धरले. आमच्या घरात तारीख जिवंत माणसांची आणि पंचांग मेलेल्यांचं. माझा वाढदिवस तारखेने, आजोबांचं श्राद्ध तिथीने. याहून वेगळं काही असू शकेल हे माझ्या मनातही आलं नाही.

मासी महिन्यातल्या, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या, एका नावापुढे वहीत "रोहिणी" हे नक्षत्र लिहिलेलं होतं. मी फोन केला. एका बाईंनी उचलला. मी माझं एका दमातलं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "अजून करता तुम्ही? बरं. पायसम करा." मी फोन ठेवला.

त्या दिवशी मी वहीच्या पाकिटातून फोटो काढला, तिथे प्रत्येक घराने दिलेला एक असे. एक बाई, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. मुलांना खूण लगेच सापडली, दोन बोटं नाकाच्या दोन बाजूंना. मुलं उभी राहिली, मिनिट झालं, जेवायला बसली. मी मागे गेले तर स्वयंपाकाच्या बाई कट्ट्याकडे बघत होत्या. भात तसाच होता. तारेवर चार कावळे बसलेले होते, भाताकडे पाहत होते आणि उतरत नव्हते.

"असं कधी झालं नाही," बाई म्हणाल्या.

मी हॉलमध्ये परत आले. एका छोट्या मुलीचा घास हातातच राहिला होता. ती दाराकडे बघत होती. तिने हळूच दोन बोटं नाकाला लावली. मग तिच्या शेजारच्या मुलाने. मग पूर्ण ओळीने. सगळी मुलं दाराकडे बघत ती खूण करत होती आणि कोणीही घाबरलेलं नव्हतं. मला मान वळवायची नव्हती. वळवली.

दारात त्याच बाई उभ्या होत्या. फोटोपेक्षा वयाने मोठ्या, पिवळी साडी, हातात केळ्यांची फणी. दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. त्या फळ्याकडे बघत होत्या. मग खुर्चीकडे.

अक्कांनी काळ्या चष्म्यातून विचारलं, "कोण आलें गे?"

"किती वाजता गेले मी?" बाईंनी तमिळमध्ये मला विचारलं.

मी रडायच्या बेतात होते. तोंडातून माफीचे शब्द येत होते, तमिळ, मराठी, कोणते ते कळत नव्हतं.

"रडू नको. शेअर ऑटोने आलेय, रेड्यावरून नाही. फोटो बरा काढलाय. माळ जरा स्वस्तातली." त्यांनी खुर्चीवरचा फोटो उचलला, माळेसकट मांडीवर घेतला आणि त्या खुर्चीत बसल्या. "वाढा. आज माझं जन्मनक्षत्र आहे. दरवर्षी आमच्या यांनी जेवण दिलं, मी कधी आले नाही. आता ते नाहीत. या पोरीचा फोन आला म्हणून म्हटलं जाऊन बघू."

छोट्या मुलीने काहीतरी विचारलं. अक्कांनी ते जवळ वाकून पाहिलं आणि बाईंना सांगितलं, "ती विचारते, परत जाणार का."

"जेवून," बाई म्हणाल्या.

पायसम खाऊन झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. आवाज खाली आला होता. "एक सांगू? आज सकाळपासून घरात माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सुनेने दोन पेले कॉफी केली. तिसरा नाही. मी समोर उभी होते. मुलगा माझ्या अंगावरून हात पुढे करून चपला घेऊन गेला. मला वाटलं, आपला दिवस विसरले." त्यांनी फळ्याकडे बघितलं. "तू हे किती वाजता लिहिलंस?"

"सकाळी," मी म्हटलं. "आल्याबरोबर."

स्वतः उठून आपलं नाव पुसलं आणि पदराला हात पुसले.

त्या गेल्यावर अक्कांनी मला वही घेऊन बसवलं.

"तुमच्यांत नक्षत्र बघत नाहींत?"

"लग्नात बघतात, अक्का. वाढदिवसाला तारीख."

"इकडे जिवंताचें नक्षत्र, गेलेल्याची तिथि. कां विचारलें नाहींस?"

कॉलेजात पहिल्या दिवसापासून मी हेच करत आले होते. न कळलेलं कोणाला विचारायचं नाही, आपल्याला काही येत नाही हे दिसू द्यायचं नाही, अंदाजाने फॉर्म भरायचा. तेही मी अक्कांना सांगितलं नाही.

नक्षत्राचे आणखी दोन दिवस माझ्या हातून होऊन गेले होते. दोन जिवंत माणसं मी माळ घालून खुर्चीवर बसवली होती. अक्का म्हणाल्या, "तूंच फोन कर. आणि या वेळीं आधीं विचार, कोण बोलतां."

पहिलं घर एका आजोबांचं. नक्षत्र त्यांच्या नातवाचं होतं. फोटो पाहून मला वाईट वाटलं होतं, इतकं लहान मूल. मुलांनी पडलेल्या दाताची खूण दिली होती. मी सगळं सांगितलं. आजोबा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "माळ घातली होती?" मी हो म्हटलं. फोन बंद झाला. त्या घरून पुन्हा कधी जेवण आलं नाही. मी त्यांचं नाव वहीतून काढलं नाही, फोनही पुन्हा केला नाही. मूल बरं आहे ना एवढं विचारावंसं अजून वाटतं.

दुसऱ्या घरी एका बाईंनी फोन उचलला. मी विचारलं, कोण बोलतंय. "मुलगी," त्या म्हणाल्या. दिवस त्यांच्या वडिलांचा होता, मार्गळीतलं तिरुवादिरै, म्हणजे आर्द्रा नक्षत्र. फोटोत त्यांच्या कानामागे मशीन होतं, म्हणून मुलांनी दोन बोटं कानामागे नेऊन खूण दिली होती. मी चूक सांगितली.

"अप्पा गेले," त्या म्हणाल्या. "त्या नक्षत्रानंतर पाचव्या दिवशी."

मी हातातली वही मिटली.

"आजारीच होते. तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. मग, "तुमच्याकडे जेवण किती वाजता असतं?"

"बारा."

"त्या दिवशी बारालाच ते उठून बसले होते. म्हणाले, कोणीतरी हाक मारतंय, दार उघड. कानातलं मशीन काढून ठेवलेलं होतं. मशीनशिवाय त्यांना काही ऐकू येत नसे."

आमच्या हॉलमध्ये तर त्या वेळी कोणी आवाजच काढला नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. फोन ठेवून मागे गेले आणि स्वयंपाकाच्या बाईंना विचारलं, तिरुवादिरैच्या दिवशी कावळे आले होते का. त्या भांडं घासायच्या थांबल्या नाहीत. "आले होते की. पान ठेवायचीही वाट पाहिली नाही, तुटून पडले."

आठवडाभर मी फोनला हात लावला नाही. दहा वाजता यायचे, मुलांच्या वह्या नीट लावायचे, बाराला निघून जायचे. चौकोन रिकामे राहत होते. एका सकाळी येऊन पाहते तर माझ्या खुर्चीत नाकात दोन चमक्यांच्या त्या बाई बसलेल्या, चष्मा कपाळावर, कानाला फोन.

"हो गं, मीच. जिवंत आहे. स्वतःच्या श्राद्धाचं जेवून आलेय, पायसम उत्तम होतं. तुझ्या सासूचा दिवस कधी असतो? हॉटेलात घालवतेस ना तो? इथे दे. पोरं तिला नाव ठेवतील. वाईट नाव नाही गं, खरं नाव."

त्यांच्या इमारतीतल्या, भजनाच्या गटातल्या, जुन्या ऑफिसातल्या बायका एकेक करून कॅलेंडरवर येऊ लागल्या. मी शेजारी बसून लिहायचे, मग हळूहळू मीही बोलू लागले. त्यांच्याकडून पाहिलं ते एवढंच की त्या घाई करत नसत. गेलेल्या माणसाबद्दल विचारत आणि मग खरंच ऐकत बसत. एकदा एका गृहस्थांनी पाऊण तास बायकोबद्दल सांगितलं आणि शेवटी म्हणाले, या वर्षी जमणार नाही. बाईंनी मनापासून आभार मानले. फोन ठेवून मला म्हणाल्या, "नाव लिहून ठेव. त्यांच्या बायकोला पानकोबीचं सांबार आवडायचं." जेवण झालेल्या घरी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करत, काहीही न मागता. मुलांनी कोणती खूण दिली एवढं सांगायला. पलीकडे कधी हसू यायचं, कधी रडू.

एप्रिल संपत आला, माझ्या कॉलेजला सुटी लागली, तेव्हा एकच चौकोन रिकामा होता, मार्गळीतला. मी पंचांग काढून पाहिलं. कृष्ण पंचमी. त्या अप्पांचीच तिथी; तिरुवादिरै पौर्णिमेला होतं, त्यानंतरचा पाचवा दिवस.

"हा तुम्ही घ्या," मी बाईंना म्हटलं. रिकामा राहील तो दिवस माझा, असं त्या नेहमी म्हणत. "माझी तिथी अजून ठरायचीय, तोवर उरलेलं मला चालेल," असं हसून.

या वेळी त्या हसल्या नाहीत. "हा माझा नाही. कुणाचा ते तुला माहीत आहे."

"त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं मागू?"

"माग कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या आणि उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या, म्हणजे मला फोन एकटीनेच करावा लागेल.

हॉलमध्ये मुलं दुपारच्या वर्गाला बसत होती. तो वर्ग जूनमध्ये असेल की नाही, हे त्या एका चौकोनावर नव्हतं, असं आज वाटतं. अक्कांनी एका दिवसासाठी शाळा अर्धी केली नसती. पण त्या क्षणी मला तसंच वाटत होतं. मी नंबर लावला. कोण बोलतंय ते विचारलं. मुलगीच होती. मी म्हटलं, "अप्पांना खायला काय आवडायचं?"

पलीकडून मोठा श्वास ऐकू आला. "वत्तकुळंबू," त्या म्हणाल्या. मग, "मी वाटच बघत होते. मला वाटलं आता तुम्ही विचारणारच नाही. मी आपण होऊन कसं म्हणायचं?"

तेव्हा मला समजलं ते ताईंना सांगावंसं वाटतं. फोन करायला मी घाबरत होते, आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस विचारलं जाण्याची वाट बघत महिनोन्‌महिने बसलेलं होतं. सगळीकडे असं असेल असं मी म्हणत नाही. त्या नातवाच्या आजोबांकडे तसं नव्हतं. पण कुठे आहे आणि कुठे नाही हे फोन केल्याशिवाय कळत नाही.

जूनमध्ये शाळा पूर्ण दिवसाची उघडली.

मागच्या मार्गळीत फोनवरच्या त्या बाई, अप्पांची मुलगी, जेवणाच्या दिवशी आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी वेगळा फोटो आणला होता, तरुणपणचा, कुरळ्या केसांचा, कानात मशीन नसलेला. मला धास्ती वाटली, मुलं ओळखणार नाहीत, नवी खूण देतील. मी मुलांना काही सांगितलं नव्हतं. माळ या वेळी मी चांगली आणली होती.

मुलं ताटं घेऊन आली. फोटोकडे पाहिलं. हातांची गडबड झाली नाही. सगळ्यांनी एकदमच दोन बोटं कानामागे नेली आणि तशीच धरून ती उभी राहिली.

"हे काय करतात?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"त्यांना हाक मारतायत," मी म्हटलं.

त्यांनी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं. त्या उठल्या, जाऊन ते उघडलं, आणि परत येऊन मुलांसारखी दोन बोटं कानामागे धरून उभ्या राहिल्या.